शिमग्यातली रत्नागिरी

रत्नागिरीला लोक मे महिन्यात येतात, नाहीतर डिसेंबरच्या सुट्टीत. दोन्ही वेळा शहरात एखादी रात्र काढायची, सकाळी आंब्याची किंवा कोकमाची खरेदी उरकायची आणि गणपतीपुळ्याकडे निघून जायचं, असाच बेत असतो. मला हे कधी पटलेलं नाही. रत्नागिरी बघायची ती फाल्गुनात, आणि मुक्काम शहरातच ठेवून. दुपारी ऊन चांगलंच लागतं, पण पहाटे अंगावर चादर ओढावी लागते. काजू ओला असतो, हापूस झाडावर भरत असतो, आणि संध्याकाळ झाली की कुठल्या ना कुठल्या वाडीतून ढोल ऐकू येतो. कोकणातला वसंत हा असा आहे. यंदा आई आणि मी शिमग्याला मावशीकडे गेलो, त्या मुक्कामाबद्दल लिहिते.

चतुर्दशी

सकाळी ठाण्याहून मांडवी एक्स्प्रेस पकडली. शिमग्याची गर्दी गणपतीइतकी नसली तरी डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि अर्ध्या डब्याच्या तोंडी पालखी आपल्या घरी कुठल्या दिवशी येणार हाच विषय. कोलाड सोडल्यावर खिडकीतून सावर दिसायला लागते. अंगावर एक पान नाही, नुसती लाल फुलं आणि त्यात मैनांची भांडणं. पुढे पळस आणि चिपळूणनंतर पांगारा. हे तिन्ही वृक्ष एकाच वेळी फुललेले बघायचे तर कोकण रेल्वेची खिडकी आणि मार्च महिना, याहून चांगली सोय नाही. उक्षी आणि भोके या स्टेशनांच्या मधे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. कोकण रेल्वेवरचा हा सगळ्यात लांब बोगदा. तो संपला की लोक बॅगा काढायला उठतात.

संध्याकाळी मांडवीला गेलो. रत्नदुर्गाचं टोक समुद्रात घुसलंय, त्याच्या एका अंगाला मांडवीची काळी वाळू आणि दुसऱ्या अंगाला मिऱ्याकडे पांढरी. रत्नागिरीकर त्यांना सरळ काळा समुद्र आणि पांढरा समुद्रच म्हणतात. या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, म्हणजे टायटॅनियमचं खनिज, आणि सोबत लोहखनिजाचे कणही. एक मुलगा दोऱ्याला लोहचुंबक बांधून वाळूतून ओढत होता. चुंबकाला बारीक काळ्या कणांची दाढी फुटली होती. तो ती झटकायचा, पुन्हा ओढायचा. आई बराच वेळ त्याच्याशेजारी उभी राहून बघत होती. रेल्वे येण्याआधी मुंबईची माणसं बोटीनं याच बंदरात उतरायची. आईच्या आजोबांच्या गोष्टी इथूनच सुरू होतात.

रात्री ओल्या काजूगरांची उसळ. बाजारात बायका शेकड्यावर काजूगर विकतात, आणि भाव ऐकून नवखा माणूस दचकतो. त्यानं एकदा मावशीकडे बसून ते काढताना बघावं. हिरवी बी उभी चिरायची, तर टरफलातून चीक निघतो आणि तो कातडीला लागला की भाजल्यासारखा डाग पडतो. म्हणून आधी हाताला खोबरेल चोपडायचं. मग अणकुचीदार काडीनं गर अख्खा उचलायचा, तुटला तर त्याचा भाव गेला. गर कोमट पाण्यात टाकून वरची साल सोलायची. शंभर गर होईपर्यंत तासभर सहज जातो. उसळीला मावशी फक्त कांदा, ओलं खोबरं, थोडा गरम मसाला घालते. काजूगराचा गोडवा झाकला जाईल असं काही नाही.

पौर्णिमा

सकाळी थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला इंग्रजांनी 1885 साली मंडालेहून उचललं, आधी मद्रासला नेलं आणि 1886 मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला 1910 ला. म्हणजे राजानं जवळजवळ पाव शतक भाड्याच्या बंगल्यात काढलं, आणि स्वतःचा वाडा मिळाल्यावर सहा वर्षांतच, 1916 साली, तो इथेच वारला. आत गेल्यावर मला दरवेळी हेच आकडे आठवतात. लाल विटा, उतरती छपरं, पहिल्या मजल्यावर संगमरवरी फरशीचं दालन आणि अर्धवर्तुळाकार खिडक्यांवरचं लाकडी कोरीवकाम, सगळं देखणं आहे. पण खरी बघायची गोष्ट म्हणजे खिडकीतून दिसणारी काजळी नदीची खाडी आणि पलीकडचं भाट्ये. ज्याचं राज्य इरावतीच्या काठी होतं, त्याच्यासमोर शेवटपर्यंत हे दुसरंच पाणी राहिलं.

बहुतेक लोक वाड्यावरून परत फिरतात. आम्ही समाधीकडे गेलो. शहराच्या वस्तीत, घरांच्या मधे, कुंपणाच्या आत राजाची आणि धाकट्या राणीची समाधी आहे. थोरली राणी सुपयालत 1919 ला मायदेशी परतली, पण राजाला नेता आलं नाही. 2012 साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले. थोरल्या राजकन्येनं वाड्यावरच्या एका मराठी नोकराशी संसार केला, आणि तिची मुलगी टूटू अस्सल रत्नागिरीकरीण म्हणून इथेच जगली, इथेच म्हातारी झाली. मावशीच्या सासूबाईंनी टूटूला बाजारात पाहिलेलं. राजाच्या नातीची भाषा मराठी होती, हे त्यांनी मला अनेकदा सांगितलं होतं आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज जरा खाली यायचा.

दुपारी पुरणपोळी, नारळाच्या दुधात बुडवून. देशावरच्या पाहुण्यांना तूप लागतं, इथे दूध लागतं ते नारळाचं, गूळ आणि वेलची घातलेलं. जेवून झोपलो, कारण रात्र जागायची होती.

रत्नागिरीचा ग्रामदेव म्हणजे श्री देव भैरी, बारा वाड्यांचा राखणदार. फाल्गुन पौर्णिमेच्या मध्यरात्री त्याची पालखी देवळाबाहेर पडते. आम्ही अकराला पोचलो तेव्हा आवारात मुंगीला वाट नव्हती. दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर किंवा कचेरीच्या टेबलापाशी बसलेली माणसं सदरा-टोपी घालून उभी. नवी लग्नं झालेल्या मुली, कडेवर पेंगणारी पोरं, मुंबईहून त्याच दिवशी उतरलेले तरुण. कुणीतरी मोठ्यानं भैरी-जोगेश्वरीचं, नवलाई-पावणाईचं नाव घेतलं आणि सगळ्यांनी ओ दिली. ढोल सुरू झाले तेव्हा ते कानाआधी छातीत जाणवले. मग दिवे दिसले, आणि दिव्यांच्या मागून पालखी.

मी शहरात वाढले, सोसायटीच्या होळ्या पाहिल्या. पण ग्रामदेवता आपण होऊन माणसांच्या दारात जायला निघते, ही कल्पना मला फार मोठी वाटते. एरवी देवळात जायचं आपण. शिमग्यात देव उंबऱ्यापाशी येतो, गाऱ्हाणं ऐकतो, ओटी घेतो. पालखी माझ्या अगदी जवळून गेली. खांद्यावर दांडी घेतलेल्या माणसाचा सदरा तिथे ओला होऊन चिकटला होता आणि तो दातओठ न खाता, हसत चालत होता. पालखी जिथे टेकवतात त्या झाडगावच्या सहाणेकडे गर्दी सरकायला लागली तसे आम्ही घरी आलो. ढोल पहाटेपर्यंत ऐकू येत होता.

प्रतिपदा

काकांचं मूळ घर निवळीच्या अलीकडच्या एका वाडीत आहे. तिथली पालखी आज घरी येणार होती. जिल्ह्यात काही गावांचा शिमगा त्रयोदशीला, काहींचा पौर्णिमेला. पहिले तेरसे शिमगे, दुसरे भद्रेचे. त्यानंतर पालखी घरोघरी फिरते, आणि मोठ्या गावात हे पाडव्यापर्यंतही चालतं. म्हणून शिमगा एका दिवसाचा सण समजून आलात तर चुकलात, आणि होळीचा दिवस हुकला म्हणून यायचं टाळलंत तरी चुकलात.

अंगण सकाळीच सारवून झालं होतं. आई आणि मावशी दोघी लहानपणीसारख्या एकमेकींच्या रांगोळीत दुरुस्त्या करत होत्या. आधी निशाण आलं, मग ताशा, मग पालखी. देवांची चांदीची रूपं लावलेली, मागे साडी नेसवलेली, अबोलीचे आणि सुरंगीचे हार. सुरंगीचा मोसम हाच. फुलं उन्हं वर यायच्या आत काढायला लागतात, नाहीतर कळ्या उमलून गजऱ्याच्या कामाच्या राहत नाहीत. त्या वासापुढे उदबत्ती लावली काय नि न लावली काय.

पालखी अंगणात नाचवली. हे नाचवणं लांबून बघितलं तर नुसतं हिंदकळणं वाटतं. जवळून बघा. पुढचा गडी आणि मागचा गडी एकमेकांचं तोंड बघू शकत नाहीत. दांडीतून येणाऱ्या ओढीवरून समजून घ्यायचं की आता गिरकी कुठल्या बाजूला. पुढच्यानं गुडघा वाकवला की मागच्यानं त्याच ठोक्याला वाकवायचा, नाहीतर देव कलतो. ताशेवाला त्यांच्या पावलांकडे बघून वाजवतो आणि ते ताशावर पाय टाकतात. कोण कुणाच्या मागे आहे ते कळतच नाही. दमलेल्या गड्याच्या खांद्याखालून दुसरा खांदा सरकतो तेव्हा पालखी क्षणभरही थांबत नाही.

मग पालखी चौरंगावर टेकली, ओटी भरली, आणि गुरवांनी गाऱ्हाणं घातलं. घरातल्या एकेकाचं नाव. शिकायला बाहेर गेलेल्याचं, आजारी असलेल्याचं, लग्न ठरायचं राहिलेलीचं. प्रत्येक वाक्याला सगळ्यांचं "होय महाराजा". आईचं नाव त्यांनी माहेरवाशीण म्हणून घेतलं, खरं तर हे तिच्या बहिणीचं सासर. तिनं पदर डोळ्याला लावला.

शिमग्याच्या सोंगांतला संकासुर आला तशी पोरं किंचाळत माजघरात पळाली. काळा पेहराव, उंच निमुळती टोपी, कमरेला घुंगरं, हातात दोरीचा आसूड. गोमू, म्हणजे नाचणारी बाई, झालेला मुलगा कॉलेजात शिकतो असं कळलं. साडी त्याच्या बहिणीनं नेसवली होती. एक म्हातारे गृहस्थ ओटीवर माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "कुठून आलाव?" ठाण्याहून म्हटल्यावर, "मग जेवल्याशिवाय उठायचं नाय." घर त्यांचं नव्हतं.

द्वितीया

पहाटे उक्षीला गेलो, सड्यावरचं, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर खोदलेलं, कातळशिल्प बघायला. इथे वेळेचं महत्त्व आहे. सड्यावर दहानंतर ऊन सहन होत नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे खोदलेल्या रेषा कललेल्या उजेडातच दिसतात. सूर्य डोक्यावर आला की खोबणीतली सावली जाते आणि चित्र कातळात विरून जातं.

मार्चमधला सडा हिरव्या कोकणाच्या कल्पनेत बसत नाही. गवत वाळून सोनेरी झालेलं, मधे काळा जांभा दगड उघडा, क्षितिजापर्यंत झाड नाही. त्या जांभ्यावर एक हत्ती आहे. भोवती भिंत घातली आहे, तिच्याकडेला उभं राहून बघायचं. सोंड, पाठीची कमान, शेपटी, पाय, सगळं एकाच ठाम खोबणीनं काढलेलं. आत छटा नाही, अलंकार नाही. मी आधी सोंड शोधली, मग तिच्यावरून पाठ सापडली, आणि मग एकदम अख्खं जनावर उभं राहिलं. त्यानंतर ते दिसायचं थांबेना.

हे कुणी काढलं, कशासाठी, याचं उत्तर कातळावर लिहिलेलं नाही. काळाबद्दल अभ्यासकांत मतं वेगळी आहेत, पण ती हजारो वर्षांत मोजली जातात. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं सडे तुडवत, गुराख्यांना विचारत हिंडले, म्हणून ही चित्रं जगाला कळली. 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली, त्यातली सात एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातली. कशेळीचा हत्ती उक्षीच्या कितीतरी पट मोठा, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. देवाचे गोठणे इथे तर होकायंत्राची सुई भरकटते. जांभा म्हणजेच बांधकामाचा चिरा. चिऱ्याची खाण किंवा रस्ता पुढे सरकला की अशी चित्रं एका दिवसात जाऊ शकतात, म्हणून मला वाटतं, रत्नागिरीला येणाऱ्या प्रत्येकानं एक तरी शिल्प बघावं. बघायला येणारी माणसं वाढली की गावालाही राखायला बळ येतं. फक्त चित्रावर पाय देऊ नका, आणि फोटोसाठी रेषांत खडू भरू नका.

परतताना काकांच्या ओळखीच्या बागेत थांबलो. एकाच कलमावर मोहोर, सुपारीएवढी कैरी आणि काढणीला आलेला आंबा, तिन्ही होते. फेब्रुवारीत पुन्हा थंडी पडली की फळं धरलेल्या फांदीला नवा मोहोर फुटतो, झाडाचा रस तिकडे वळतो आणि आधीची बारकी कैरी गळते. जमिनीवर तिचा सडा पडलेला होता. बागायतदारांनी तो पायानं बाजूला सारला आणि विषय बदलला.

आंबा तयार झाला हे देठाजवळ बघायचं. दोन्ही बाजूचे खांदे भरून देठ खड्ड्यात गेल्यासारखा दिसायला हवा. शंका आली तर पाण्यात टाकायचा, बुडाला तर तयार. काढायचा झेल्यानं, देठासकट. देठ मोडला तर चीक फळावर ओघळतो आणि पिकल्यावर तिथे काळा डाग दिसतो. गड्यानं झेला वर सरकवला, पात्याला देठ लागला, हलकासा झटका, आणि फळ जाळीत. पानही हललं नाही. 2018 साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. तरी ठाण्याच्या रस्त्यावर रत्नागिरी म्हणून काय काय विकलं जातं ते आपण बघतोच. या बागेत उभं राहून एकदा पानाचा आणि चिकाचा वास घेतला की विचारावं लागत नाही.

तृतीया

सकाळी मिरकरवाडा. लाँच लागत होत्या, बांगडा आणि म्हाकूळ भरपूर, सुरमई कमी. लिलाव इतक्या झपाट्यानं होतो की बोली कुणी लावली ते कळायच्या आत टोपली उचललेली असते. तिथून रत्नदुर्ग. घोड्याच्या नालेसारखा पसरलेला, तीन बाजूंना समुद्र, बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ, एका टोकाच्या बुरुजावर दीपगृह. तटावरून एका नजरेत काळी वाळू, पांढरी वाळू आणि बंदरातल्या होड्या दिसतात. पोचायचं तर आठच्या आत पोचा.

दुपारी शहरात. टिळक आळीतलं टिळकांचं जन्मघर, तिथली ओटी आणि मागचं आवार शांतपणे बघण्यासारखं. मग पतितपावन मंदिर. सावरकर 1924 ते 1937 रत्नागिरीत स्थानबद्ध होते, आणि सर्व जातींना गाभाऱ्यापर्यंत मोकळं असलेलं हे देऊळ भागोजीशेठ कीरांनी 1931 मध्ये बांधून दिलं. झाडगावच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे. मुलं बरोबर असतील तर तो चुकवू नका.

चतुर्थी

शेवटचा दिवस दक्षिणेला. भाट्याच्या पुलावरून पावस, स्वामी स्वरूपानंदांच्या मठात दर्शन, मग पूर्णगड. मुचकुंदीच्या मुखावरचा हा किल्ला इतका आटोपशीर आहे की आईनंही तटावरून पूर्ण फेरी मारली. आणि पलीकडे गावखडी.

गावखडीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. एका घरट्यात शंभरच्या आसपास, आणि पिल्लं बाहेर यायला पन्नास-पंचावन्न दिवस. पूर्वी ही अंडी लोक खात, कुत्री-कोल्ही उकरत. जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या वेळास गावी सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 पासून जे काम सुरू केलं, ते बघत एकेका गावात कासवमित्र तयार झाले. आता अंडी कुंपणाच्या आत हलवून पुरतात, वर टोपली आणि शेजारी तारखेची पाटी. वाळू गरम असली तर माद्या जास्त जन्मतात, थंड असली तर नर. म्हणून किनारा तापणं हा त्यांच्यासाठी नुसता उकाड्याचा प्रश्न नाही.

संध्याकाळी कासवमित्रांनी टोपली उचलली तेव्हा आत बारा पिल्लं होती. पाण्यापासून थोड्या अंतरावर त्यांना सोडलं. चालत जाऊ देणं गरजेचं असतं, उचलून पाण्यात टाकायचं नसतं. एक पिल्लू माझ्या चपलेपासून वीतभरावर होतं. पुढचे वल्ह्यासारखे पाय आळीपाळीनं वाळूत रुतवायचं, दोन अंगुळं सरकायचं, मान खाली टेकवून थांबायचं. डोळ्यांवर वाळूचे कण चिकटलेले. एका माणसाच्या पाऊलखुणेत ते पडलं आणि त्याला चढ चढता येईना. मी हात पुढे केला तर कासवमित्र म्हणाले, "ताई, राहू दे, चढेल ते." चढलं. पहिल्या लाटेनं त्याला मागे फेकलं, दुसरीनं उलटं केलं, तिसरीत ते गेलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, फ्लॅश तर कुणीच मारला नाही. आधीच सांगून ठेवलं होतं.

परतताना आईनं पावसच्या नाक्यावर गाडी थांबवून खाजं घेतलं. शिमग्याचं खाजं आलं घातलेल्या गुळाचं असावं, साखरेचं नव्हे, यावर तिचं आणि मावशीचं एकमत आहे. रंगपंचमीपर्यंत शहरात रंग चालू राहणार होता, पालखीही अजून फिरत होती, पण आमचं तिकीट सकाळचं होतं. काकांनी बागेतून आणलेला आंबा पेंढ्यात घालून खोक्यात भरून दिला. मावशीनं बजावलं, खोकं गॅसजवळ ठेवू नका, रोज उघडून चाचपू नका, पिकलेला वर काढा आणि बाकीचे पुन्हा पेंढ्यात झाका. जून लागला की मासेमारी बंद होते, म्हणून पुढचं बोलावणं तिनं मेच्या आतलं दिलंय, आणि त्या खेपेला आधी कशेळी.